पेढीवरचे शहाणपण आणि नोकरीची परीक्षा

व्यापाऱ्याच्या मुलाने पेढीवर वाढावे आणि पेढीवरच त्याचे केस पिकावेत, ही रीत आता मागे पडली. बाजारहत्नूरच्या आमच्या घरांतील मुलेही बँका, कारखाने, सैन्य व सरकारी कचेऱ्या यांचे अर्ज भरतात. या अर्जांच्या परीक्षांत हल्ली एक निराळा प्रश्न येतो. त्यात गणित नसते, पाठांतर नसते. एक प्रसंग सांगून ‘अशा वेळी आपण काय कराल?’ एवढेच विचारलेले असते. आणि पुष्कळदा तो प्रसंग सहकाऱ्यांशी वागण्याचा असतो.

ही पद्धत अगदी नवी नव्हे. सैन्याधिकारी निवडणाऱ्या मंडळांत उमेदवाराला 30 मिनिटांत असे 60 प्रसंग सोडवावे लागतात. संघ लोकसेवा आयोगाने 2011 साली मुलकी सेवांच्या पूर्वपरीक्षेत निर्णयक्षमतेचे प्रश्न घातले, तेव्हा त्यांतील चुकीच्या उत्तराला गुण कापले नाहीत. अशा प्रश्नांची उत्तरे निव्वळ खरी वा खोटी नसतात. ती कमी-अधिक योग्य असतात.

आपल्याच बाजारातील उदाहरण घेऊ. कापसाचा हंगाम आहे. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो आणि 12 च्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळ माल घेत नाही. यंत्राने 9 दाखविले असता सहकाऱ्याने घाईत 13 लिहिले. शेतकऱ्याची गाडी परत फिरणार! आपण काय कराल?

आपले काम नव्हे म्हणून गप्प बसणे हे सर्वांत वाईट. चारचौघांत सहकाऱ्याचा पाणउतारा करणे त्याच्या खालोखाल. गुपचूप आकडा खोडून आपण दुरुस्त करणे अनेकांना सज्जनपणाचे वाटते. परंतु त्याने सहकारी शिकत नाही आणि वहीचा विश्वास जातो. गाडी थांबवून सहकाऱ्याला बाजूस घ्यावे, दोघांनी पुन्हा मोजावे व नोंद त्याच्याच हातून सुधारून घ्यावी, हे योग्य. त्याने नकार दिला किंवा लबाडी दिसली, तर मात्र वरिष्ठांना सांगणे ही चहाडी नव्हे, कर्तव्य होय.

येथे आम्हांस आमच्याच घराकडे बोट दाखवावे लागते. आमच्या पेढ्यांवर वडिलांचा शब्द अखेरचा. मुनिमाने चूक दाखविली तर ती उर्मटपणा ठरते. अशा वातावरणात वाढलेला मुलगा परीक्षेत ‘मी एकटा सर्व निभावीन’ असे लिहितो आणि त्यालाच कर्तबगारी समजतो. परीक्षकाला त्यात कर्तबगारी दिसत नाही. दुसऱ्याचे ऐकण्याची सवय नाही, एवढेच दिसते.

वस्तुतः अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हा धडा बाहेरून घेण्याचे कारण नाही. सत्याची एक बाजू आपल्याकडे, तर दुसरी समोरच्याकडे असू शकते, हे आम्ही व्याख्यानांत ऐकतो. ते गादीवर बसताना विसरतो.

म्हणून आमची पालकांस विनंती आहे, की मुलांना छापील उत्तरे पाठ करावयास लावू नका. निवड झाल्यावर खरे प्रसंग येतात आणि तेथे पाठांतर उघडे पडते. त्यापेक्षा रोज संध्याकाळी हिशेब मिटविताना मुनीम, हमाल व मुलगा यांना विचारा, ‘आज माझे काय चुकले?’ हा प्रश्न ज्या पेढीवर मोकळेपणाने विचारला जातो, तेथील मुलाला परीक्षेच्या प्रश्नाचे भय वाटणार नाही.