दायमाबाद : एका टेकाडात पाच संस्कृती

आज सुरुवात लांबून करू. ग्वाटेमालात ‘ताकालिक अबाज’ नावाचं प्राचीन नगर आहे. नावाचा अर्थ ‘उभा दगड’. तिथे आधीच्या ओल्मेक शैलीची आणि नंतरच्या माया शैलीची शिल्पं एकाच जागी सापडतात. नव्या लोकांनी जुने दगड फेकून दिले नाहीत, आपल्याच मांडणीत उभे केले. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं.

आता असं काही आपल्याकडे आहे का? आहे ना! वाळूजहून नगर रस्त्याने निघालात की कायगाव टोक्याला गोदावरी-प्रवरेचा संगम लागतो. प्रवरेच्या काठाकाठाने वर गेलं की श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. तिथे सुमारे ५ मीटर जाडीच्या थरांत पाच संस्कृती एकावर एक आहेत : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. काळ साधारण इ. स. पू. २३०० ते १०००. हडप्पा लिपीची चिन्हं असलेल्या मुद्रा थेट प्रवरेकाठी मिळाल्या, हे लक्षात घ्या.

पण दायमाबाद गाजलं ते वेगळ्याच कारणाने. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार ब्राँझ शिल्पं सापडली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंच्या वर!

ही घडवली कोणी? नंतर १९७५ ते ७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. त्यांनी ती उत्तर हडप्पाकालीन मानली. डी. पी. अग्रवाल यांनी शंका काढली : या धातूत १ टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही; मग ती बरीच नंतरची असतील. वाद अजून मिटलेला नाही.

का मिटत नाही? कारण शिल्पं शास्त्रीय उत्खननात, थरासकट निघाली नाहीत. शेजारी कोणतं खापर होतं, वर कोणती जमीन होती, याची नोंदच झाली नाही. त्यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही. तो आपलं काम करत होता.

मंडळी, पुरातत्त्वात वस्तू बोलते ती थराच्या तोंडून. म्हणून उद्या विहीर खणताना, पाया काढताना काही लागलं, तर ते उचलून घरी नेऊ नका. काम थांबवा, फोटो काढा आणि तहसील किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. वस्तू नंतरही काढता येते. विस्कटलेला थर मात्र परत लावता येत नाही.