कुंपणापलीकडची सावली

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि शिरवळ लागतं. गाव जुनं, घाटवाटांवरच्या व्यापाराचं. इथली दगडी पाणपोई यादवकाळातली मानली जाते, जवळच पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत, आणि 1648 च्या लढाईत गाजलेला सुभानमंगळ हा भुईकोट इथेच नीरेकाठी होता. आज शिरवळचं नाव निघतं ते कारखाने, हायवे आणि एन.ए. प्लॉट यांच्यामुळे. या सगळ्या धावपळीत 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं आहे. आधी ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे होतं. 2000 मध्ये नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि महाविद्यालय त्याच्या अखत्यारीत गेलं.

अशा संस्थेच्या शेजारी राहणं म्हणजे काय, हे ज्यांचं घर तिच्या आसपास आहे त्यांना ठाऊक असतं. शेतकरी टेम्पोत म्हैस घालून दवाखान्यात येतो. पाठोपाठ कुणी कुत्रं घेऊन येतं, कुणी शेळी. पांढऱ्या अ‍ॅप्रनमधली मुलं-मुली चहाच्या टपरीवर पेपरची चर्चा करतात. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा, त्यामुळे खोली भाड्याने घेतलेला विद्यार्थी हळूहळू घरातलाच होतो. गोठ्यातली गाय चारा खाईना झाली की घरमालक आधी त्यालाच हाक मारतात.

पशुवैद्यकाला झाड हा शोभेचा विषय नाही. जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताची संकरित गाय एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकते, लाळ गाळते, रवंथ कमी करते आणि दूध घटतं. तिला पंखा आणि फवारा देता येतो, पण सर्वांत स्वस्त औषध म्हणजे गोठ्यालगतचं दाट झाड. पत्र्याखाली नुसती सावली मिळते. झाडाखाली पानांतून निघणाऱ्या वाफेमुळे हवाही निवते. शिवाय शेवरी, हादगा, सुबाभूळ ही झाडं चाराही देतात. सुबाभळीत मिमोसिन हा अपायकारक घटक असतो, म्हणून चाऱ्यात तिचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवतात. जास्त झाली तर जनावराचे केस गळतात. झाड लावण्याइतकंच ते वापरण्याचं ज्ञानही महत्त्वाचं, आणि ते सांगणारी माणसं शिरवळकरांच्या दारात आहेत. याचं मोल गावाने ओळखावं असं मला मनापासून वाटतं.

कुंपणापलीकडचे असे शैक्षणिक परिसर हिरवे का राहतात? जमीन एकहाती असते, तिचे तुकडे पडत नाहीत, हे खरं कारण. पुण्याच्या गणेशखिंडीचं उदाहरण घ्या. मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान तिथे 1860 च्या दशकात बांधायला घेतलं. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि ती चारशे एकरांहून मोठी जागा झाडांसकट त्याच्याकडे आली. 2014 मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात, शिरवळपासून जवळच आहे. गणेशखिंडीत झाडं वारशाने मिळाली, कोल्हापुरात ती लावावी लागली. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ सागरमाळावर उभं राहिलं तेव्हा तो नावाप्रमाणे माळच होता. तिथे झाडं वाढवली, तळी राखली. दोन्ही विद्यापीठांभोवतीच्या वस्त्यांना त्या हवेचा लाभ फुकट मिळत आला.

शिरवळमध्ये उलटी घाई दिसते. दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर चौरस फूट. त्यात घर, बोअर, गाडीची जागा. उरलेल्या मातीवर पेव्हिंग ब्लॉक. मुळाला जागा नाही आणि पावसाचं पाणी जिरायलाही नाही. हा पर्जन्यछायेचा तालुका. महाबळेश्वर फार लांब नाही, पण तिथला पाऊस इकडे पोचेपर्यंत ओसरतो. अशा ठिकाणी जमीन झाकून टाकणं म्हणजे स्वतःच्याच बोअरचं पाणी तोडणं. चौपदरीकरणात पुणे-सातारा महामार्गावरचे जुने वड गेले, त्यामुळे आता वस्तीतल्या झाडांवरच भिस्त आहे.

कायद्याचा आधारही अपुराच. ग्रामीण भागातल्या वृक्षतोडीवर 1964 चा कायदा लागू आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ आहेत, वड आणि कडुनिंब नाहीत. पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून 2021 मध्ये जे संरक्षण मिळालं, ते शहरी भागांसाठीच्या कायद्यातलं आहे. ग्रामपंचायतीने स्वतः मनावर घेतलं तरच गावातला वड वाचतो.

म्हणून एक सांगणं. शिरवळात जागा घेणार असाल तर मंजूर ले-आऊटचा नकाशा मागा. एक एकर आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कुठे आहे हे पाहा आणि प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. तिथे गुलमोहरापेक्षा कडुनिंब, करंज, वड लावा. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात पटकन मोडतात. कडुनिंबाचं बी झाडाखाली पडल्यावर लगेच पेरा, कारण ते थोड्याच आठवड्यांत निकामी होतं. वडाची जाड फांदी पावसाच्या तोंडावर लावली तरी जगते. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालण्याची पाळी शेजाऱ्यांनी वाटून घ्यावी. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या वॉर्डातल्या जुन्या झाडांची नोंद ठेवण्याचा ठराव मांडा. त्यासाठीचा अर्ज दिवाळी आटोपली की लगेच ग्रामपंचायतीत द्या.