गाणं नसतं तर? अंगणवाडीतल्या माझ्या वहीची गोष्ट

कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी पायलटसाठी बसत होते. चार वर्षांचं एक पोरगं रोज दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायचं. कुणाशी बोलणं नाही, खेळणं नाही. तिसऱ्या आठवड्यात टाळ्यांचं गाणं सुरू झालं आणि ते गोलात शिरलं. नंतर शेजारच्या मुलीला त्याने स्वतःहून ठोकळा दिला. सेविकाताई म्हणाल्या, "गाणं लागलं का हा बी येते, मॅडम." मी वहीत लिहून टाकलं: संगीतामुळे सामाजिक वर्तनात वाढ.

गाइड मॅडमनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, "आणि गाणं नसतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागची पानं उलटली तेव्हा दिसलं की त्याच आठवड्यात त्याची चुलत बहीण अंगणवाडीत यायला लागली होती. नोंद माझ्याच अक्षरात होती, पण मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

पीएचडीला येऊ पाहणाऱ्यांनी या विषयातला एक प्रयोग तरी नीट वाचावा. लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. चार वर्षांची ९६ मुलं, जोड्या-जोड्यांनी. खेळ असा की तळ्यातले बेडूक झोपलेत, त्यांना जागं करायचं. अर्ध्या जोड्यांनी हे गात, वाजवत, तालावर चालत केलं. उरलेल्यांचा खेळ तोच, गोष्ट तीच, सोबतचा मोठा माणूसही तसाच, फक्त गाणं आणि ताल नाही. मग दुसऱ्याच एका खेळात एका मुलाच्या नळीतून गोट्या सांडतील अशी व्यवस्था केली. आपला खेळ सोडून मदतीला कोण येतं, हे बघायचं होतं. गाऊन आलेल्या जोड्यांमध्ये मदत जास्त झाली.

"गाणाऱ्या मुलांनी मदत केली" एवढंच त्यांनी दाखवलं असतं तर ती माझ्याच वहीची गत झाली असती. एकत्र मजा केली की मुलं तशीही जवळ येतात. त्यांनी मजा दोन्हीकडे ठेवली आणि संगीत एकाच बाजूला. माझ्याकडे ती दुसरी बाजूच नव्हती.

आता पुढचा प्रश्न. संगीतातलं नेमकं काय काम करतं? गाणं, की सोबत हलणं? कॅनडातल्या लॉरा सिरेली, लॉरेल ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी हे १४ महिन्यांच्या बाळांवर पाहिलं. बाळ एकाच्या अंगावर, समोर दुसरी व्यक्ती, संगीत चालू. कधी ती बाळाच्या तालात हलते, कधी ताल सोडून. नंतर तिच्या हातून वस्तू "चुकून" पडते. तालात हललेल्या व्यक्तीला बाळांनी वस्तू जास्त वेळा उचलून दिल्या. पण बाजूला नुसत्या बसलेल्या तिसऱ्या व्यक्तीपर्यंत ती जास्तीची मदत पोचली नाही. म्हणजे बाळ सगळ्या जगाशी प्रेमळ झालं असं नाही, ते "हा माझ्यासोबतचा" एवढं ओळखतं. पुढे २०१७ मध्ये संगीत काढून टाकून पाहिलं, तरी सोबत हलण्याचा परिणाम दिसला. मात्र बाळं जास्त किरकिरली. आपल्याकडे संगीताला सरसकट श्रेय देणारे लेख फार फिरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आपल्या विदर्भातली भुलाबाई आठवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जमून गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. तीन-चार वर्षांची लेकरं ताईच्या मांडीवर बसून चुकीच्या ठिकाणी टाळी वाजवतात आणि कुणी रागवत नाही. शेवटी खाऊ ओळखायचा असतो, तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. ताल, स्पर्श, पाळी, मोठ्यांचं अनुकरण, सगळं एकाच संध्याकाळी. निरीक्षणाला सोनं, पण प्रयोग म्हणून कठीण. परिणाम गाण्याचा की खाऊचा, कसं सांगणार? (खाऊइतका जबरदस्त कन्फाउंडर मला अजून भेटला नाही.)

बालवाडीत गाणं-अभिनय असावा, हे तारा​बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला प्रत्यक्ष मुलांत राहून ओळखलं होतं. बोर्डीचं काम १९४५ चं, म्हणजे वरच्या प्रयोगांच्या कितीतरी आधीचं. प्रयोग नव्हता म्हणून ते ज्ञान कमी दर्जाचं ठरत नाही. पण प्रबंधात "मुळे" हा शब्द लिहायचा असेल, तर तुलना लागतेच.

नवीन आराखड्यात मी दोन उपक्रम ठेवलेत, दोन्ही गोलातले आणि सारख्याच वेळेचे, घेणाऱ्या ताई त्याच. एकात तालावरचं गाणं, दुसऱ्यात त्याच गाण्याची गोष्ट, हावभावांसह. काही गटांना आधी गाणं, काहींना आधी गोष्ट. "मदत" कशाला म्हणायचं हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवलंय. नोंद करणाऱ्या मैत्रिणीला आधी काय झालं ते माहीत नसेल. अजून एक गोष्ट मला उशिरा कळली: एका गोलातली वीस मुलं म्हणजे वीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. एक हसलं की सगळी हसतात. म्हणून सॅम्पल मोजताना गोल किती, हे आधी बघायचं. त्यामुळे माझं सॅम्पल एका रात्रीत छोटं झालं आणि मला आणखी अंगणवाड्या शोधाव्या लागल्या.

काम कापूसवेचणीच्या आधी संपवायचंय. वेचणी सुरू झाली की काही लेकरं आईसोबत वावरात जातात आणि गोल अर्धा होतो. दारातल्या पोराच्या आईची संमती मिळाली आहे. त्याच्या चुलत बहिणीला या वेळी वेगळ्या गोलात ठेवलंय.