लॅम्ब्टनच्या थडग्यापासून गिरडच्या टेकडीपर्यंत

हिंगणघाटात विल्यम लॅम्ब्टनचं थडगं आहे. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी त्याला या गावी मरण आलं. वय तेव्हा सत्तरीच्या आसपास होतं. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्याने साखळी टाकून साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली आणि त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो वीस वर्षं पुढे सरकत राहिला. कोन मोजायचा त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा. तो डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवायचा तो खलाशांनी, म्हणजे मोजणीतल्या मजुरांनी. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून यंत्र भिंतीवर आदळलं, तर लॅम्ब्टनने स्वतः बसून ते पुन्हा नीट केलं. त्याच्यामागे हे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. पुढे याच त्रिकोणांच्या जाळ्यावरून हिमालयातल्या सर्वोच्च शिखराची उंची निघाली, ती १८५६ साली जाहीर झाली आणि १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. ज्या खलाशांच्या पायांवर ही सगळी मोजणी उभी राहिली, त्यांची नावं मात्र कुठल्याच शिखराला मिळाली नाहीत.

हे सगळं चालत झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. उपखंडाच्या मोजणीचा पहिला धनी जिथे थांबला, त्या तालुक्यात आज चालणाऱ्याला वाट दाखवणारी पाटी दिसत नाही. वाटा मात्र आहेत, आणि पुष्कळ आहेत. त्या वाटांची आणि त्यांच्यावरून चालण्याच्या हक्काची चर्चा व्हावी म्हणून हा लेख. त्यासाठी आधी थोडं स्वित्झर्लंडला जाऊन यावं लागेल.

आपल्याकडे स्वित्झर्लंड म्हटलं की बर्फ आणि सिनेमातली गाणी आठवतात. पण तिथला सामान्य माणूस सुटीच्या दिवशी चालतो तो बहुतेक वेळा गावशिवारातून. जिनिव्हा सरोवराच्या काठी लावो नावाचा द्राक्षमळ्यांचा उतार आहे. अकराव्या शतकापासून मठांतल्या साधूंनी दगडी बांध घालत त्याच्या पायऱ्या केल्या. २००७ साली तो जागतिक वारसा ठरला. लोझानच्या वेशीपासून शियोंच्या जलदुर्गापर्यंत सुमारे तीस किलोमीटर पसरलेल्या या पट्ट्यात मळ्यांमधून पायवाटा जातात. उत्तरेकडे आरगाव प्रांतात असंच एक चालणं वनातून हाब्सबुर्गच्या गढीपर्यंत नेतं. युरोपावर शतकानुशतकं राज्य केलेल्या घराण्याचं नाव ज्या किल्ल्यावरून पडलं, तो हा. शेत, जंगल आणि पडका वाडा एकाच दिवसाच्या चालीत यावेत, ही तिथे नेहमीची गोष्ट आहे.

ती आपोआप घडलेली नाही. मोटारी वाढल्या तसा चालणाऱ्याला रस्त्याच्या कडेला ढकललं जाऊ लागलं. हे पाहून योहान याकोब एस नावाच्या शाळामास्तराने पुढाकार घेतला आणि १९३४ साली झुरिकमध्ये पायवाटांसाठी देशव्यापी संघटना उभी राहिली. सगळीकडे एकाच पिवळ्या रंगाच्या पाट्या लावायचं ठरलं. या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. सपाट जमिनीवर तासाला ४.२ किलोमीटर हा हिशेब, चढ-उताराचा वेळ त्यात धरलेला, विश्रांतीचा वगळलेला. आज अशा खुणा केलेल्या वाटा सुमारे ६५,००० किलोमीटर भरतात, आणि हा देश विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान आहे.

यातली सर्वांत मोठी गोष्ट १८ फेब्रुवारी १९७९ ला घडली. पायवाटांना संविधानात जागा द्यावी का, यावर साऱ्या देशाने मतदान केलं आणि सुमारे ७८ टक्के मतं बाजूने पडली. त्यावर आधारलेला कायदा १९८५ मध्ये झाला आणि १९८७ पासून लागू आहे. नकाशात नोंदवलेली वाट बंद करावी लागली तर तिच्या बदली दुसरी वाट द्यावीच लागते, असं त्यात लिहिलं आहे. लांबच्या पल्ल्यावर वाटेला चालणाऱ्याच्या पायांना न मानवणारा पक्का थर दिला, तरी बदली वाट द्यावी लागते. डांबर टाकलं की वाट सुधारली असं तो कायदा मानत नाही. शिवाय १९८४ ते २००३ या काळात जुन्या दळणवळण मार्गांची देशभर सूची झाली. त्यात खेचरांच्या वाटा, फरसबंदी चढ, रोमनकालीन रस्ते असं सगळं नोंदलं गेलं.

आता हिंगणघाट. शेजारून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, रेल्वे तर १८७०च्या दशकापासून आहे. त्याआधी हा मुलूख बैलांच्या पाठीवर चालत होता. नागपूर प्रांताचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी पार मिर्झापूरपर्यंत जात असे. हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा लांब धाग्याचा कापूस पुढे परदेशी बाजारातही नावाजला. १८८१ मध्ये इथे बन्सीलाल अबीरचंदांची कापडगिरणी सुरू झाली. म्हणजे लावोमध्ये द्राक्षाचं जे स्थान, ते इथे कापसाचं. नाशिकच्या दिंडोरी भागात द्राक्षमळे आणि रामशेजसारखा किल्ला जवळजवळ आहेत, तिथे असे मार्ग आखणं सोपं जाईल. पण मला कापसाच्या शिवारातली चाल अधिक मोलाची वाटते, कारण ती पाहायला कुणी येतच नाही.

शिवारात शिरायचं ते पांदणीने. दोन्ही बाजूंना शेतांचे धुरे, मध्ये बंडीच्या चाकोऱ्या, कडेने बाभूळ, कडुनिंब, एखादं मोहाचं झाड. गावनकाशावर ही पांदण आखलेली असते, प्रत्यक्षात ती दरवर्षी थोडी थोडी बारीक होते. एका बाजूने नांगराचं तास पुढे सरकतं, दुसऱ्या बाजूने काटेरी कुंपण. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल होतो की बैलाचा पाय निघत नाही, आणि मग शेतकरी रास्तपणे खडीकरण मागतो. त्याची मागणी आधी पुरी व्हायला हवी, यात दुमत नको. घरात आलेला कापूस बाजारात नेता आला पाहिजे, आजारी माणूस शेतातून दवाखान्यात पोचला पाहिजे. राज्याने त्यासाठी पांदण रस्त्यांच्या योजना आणल्या. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णयही झाला. माझं म्हणणं एवढंच की खडी पडते तेव्हा एका कडेला हातभर माती आणि झाडांची रांग तशीच ठेवावी. चालणारी माणसं आजही आहेतच. शाळेत जाणारी मुलं आहेत, वेचणीला निघालेल्या बाया आहेत. वाट सुधारली तर तिचा पहिला उपयोग त्यांना होईल, बाहेरून येणाऱ्या हौशी पाहुण्याला नंतर.

कापसाच्या वाटेला ऋतूचं बंधन आहे आणि ते कसोशीने पाळावं लागेल. श्रावण-भाद्रपदात फवारणीचे दिवस असतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरून कुणालाही त्या दिवसांत शिवारात फिरायला बोलावता येणार नाही. चैत्र-वैशाखातलं ऊन तर बोलायलाच नको. दिवाळीनंतर बोंडं फुटतात, तूर फुलावर येते, सकाळी धुकं असतं. तेव्हापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ चालण्याचा.

हिंगणघाटहून वणा नदीच्या काठाने निघून समुद्रपूर तालुक्यात शिरलं की गिरडची टेकडी येते. वर बाबा फरीद यांचा दर्गा आहे, तिथे हिंदू आणि मुसलमान दोघंही नवस बोलतात. टेकडीवर गोटीसारखे, सुपारीसारखे गोल दगड सापडतात. फकिराशी खोटं बोलणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी कथा सांगतात. भूशास्त्र सांगतं की लाव्हाच्या थरांतल्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचून असे गोळे तयार होतात, आणि दख्खनचा तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. टेकडीवर उभं राहून दोन्ही गोष्टी ऐकाव्यात. कथेने या जागेला माणसं दिली आणि शास्त्राने वय दिलं.

टेकडीभोवती जंगल आहे आणि या भागात वाघाचा वावर आहे. इथे स्वित्झर्लंडची नक्कल चालणार नाही. तिथल्या १९१२ पासून लागू असलेल्या नागरी संहितेत रानात आणि कुरणात जाण्याची, स्थानिक रीतीप्रमाणे रानफळं आणि अळंबी गोळा करण्याची सर्वांना मुभा आहे. आपल्याकडे वनखात्याची परवानगी, सोबत गावातला वाटाड्या आणि अंधार पडायच्या आत माघारी, हे तीन नियम न टाळण्याजोगे आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेला बोर आहे. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं हे देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक रान. तिथे तर पायी फिरण्याचा प्रश्नच नाही. मार्ग जंगलाच्या कडेने आखावा, आतून नको.

किल्ल्यांच्या बाबतीत विदर्भाला कुणी फारसं मोजत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात विदर्भातला एकही नाही. पण वर्धा जिल्ह्यातलं पवनार घ्या. अकबराच्या काळात ते वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं, म्हणजे उपविभागाचं, ठाणं होतं. इतिहासकार वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं प्रतिपादन केलं. काही अभ्यासक त्या जागी मनसरला मानतात. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. धाम नदीच्या काठी विनोबांचा परमधाम आश्रम आहे. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याहून पायी हैदराबादकडे निघाले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा पहिला तुकडा मिळाला, आणि देशभर पायी फिरून ते पवनारला परतले ते १९६४ साली. त्याआधी ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले तेही चालतच. सेवाग्राम ते पवनार ही वाट आजही एका सकाळची आहे. देशात एवढ्या थोड्या अंतरात एवढा इतिहास पायाखाली येणारी वाट दुसरीकडे शोधावी लागेल.

पडक्या तटाचं काय करता येतं, याचं उदाहरण दक्षिणेला चंद्रपुरात आहे. गोंड राजांनी बांधलेला तट, त्याचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे दरवाजे झाडोऱ्यात आणि कचऱ्यात बुडाले होते. इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये श्रमदानाने साफसफाई सुरू केली आणि महिनोन्महिने ती नेटाने चालवली. बुरुजांवरून फिरण्याजोगी वाट मोकळी झाली तेव्हा शहरातली माणसं आपलाच तट पाहायला येऊ लागली. हे काम कुणाच्या आदेशाने झालं नाही.

वाटेच्या हक्काचा कायदा आपल्याकडे नाही असं मात्र म्हणता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेताच्या धुऱ्यावरून वाट मिळवता येते. वापरातली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. आणि जुन्या मध्य प्रांताचा भाग असलेल्या आपल्या जिल्ह्यांकडे याहून मौल्यवान कागद आहेत. एक निस्तार पत्रक, ज्यात गावाच्या चराईचे, जळणाचे हक्क लिहिलेले असतात, आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. संहितेच्या कलम १६५ प्रमाणे या दुसऱ्या कागदात गावच्या रूढी नोंदवायच्या असतात. पाण्याचा हक्क, मासेमारी, आणि त्यांच्यासोबत जाण्या-येण्याची वाट. स्वित्झर्लंडने १९७९ मध्ये मतपेटीतून जे मिळवलं, त्याच्या जवळ जाणारी जागा आपल्या गावदफ्तरात आधीपासून आहे.

तलाठी कार्यालयात जाऊन गावनकाशा आणि वाजिब-उल-अर्ज शेजारी ठेवून वाचता येतात. नकाशात कुठली पांदण आहे आणि कुठल्या वाटेची रूढी लिहिलेली आहे, हे त्यात दिसतं. एखादी वाट राहून गेली असेल तर संबंधित सगळ्यांची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी नवी नोंद घालू शकतात, तशी तरतूद त्याच कलमात आहे. हिंगणघाट ते गिरड या पट्ट्यातल्या ग्रामसभांनी येत्या वेचणीआधी हे काम हाती घ्यावं. शाळेतल्या वरच्या वर्गांनी पांदणी चालून पाहाव्यात, कुठे कुंपण आडवं आलं आणि कुठे झाड तुटलं ते लिहून काढावं, आणि एका वाटेला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून टिपावं.