गोठणाऱ्या थंडीत स्प्रिंकलरच्या प्लास्टिक नळांची चाचणी: पाण्याऐवजी हवा का चालत नाही?

नवी दिल्ली: आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलर यंत्रणेचे नळ भिंतींआड आणि छताआड झाकले जाण्यापूर्वी पाण्याच्या दाबाखाली तपासावे लागतात. पारा शून्याखाली उतरला की हे साधे काम अवघड होते. नळांत पाणी भरावे तर ते गोठून नळ फुटण्याची भीती. पाणी टाळून कॉम्प्रेसरने हवा भरावी, तर नळ प्लास्टिकचे असल्यास शेजारी उभ्या कामगाराच्या जिवाला धोका. अमेरिका आणि कॅनडातील बांधकामांवर दर हिवाळ्यात हा पेच उभा राहतो.

हे नळ क्लोरिनेटेड पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच सीपीव्हीसी या प्लास्टिकचे असतात. १९८०च्या दशकापासून ते स्प्रिंकलरसाठी वापरले जाऊ लागले. वजनाला हलके, कापायला सोपे, गंजण्याचा प्रश्न नाही आणि जोडणीसाठी आटे पाडण्याची किंवा वेल्डिंगची गरज नाही, ही त्यांच्या लोकप्रियतेची कारणे. लाकडी सांगाड्याच्या निवासी इमारतींत ते विशेष सोयीचे ठरले. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०११ पासून नव्या एक व दोन कुटुंबांच्या घरांनाही स्प्रिंकलर बंधनकारक आहेत.

चाचणीचा नियम अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ‘एनएफपीए १३’ या मानकात आहे. नळांत पाणी भरून प्रति चौरस इंच २०० पौंड, म्हणजे सुमारे १४ बार दाब दोन तास टिकवायचा आणि कोठेही गळती होता कामा नये. प्रत्यक्ष वापरातील दाब १५० पौंडांहून अधिक असेल, तर चाचणीचा दाब त्याहून ५० पौंड जास्त ठेवायचा. अग्निशमन बंबाची जोडणी नसलेल्या लहान घरांना मात्र नेहमीच्या दाबावरील चाचणी पुरते.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे सर्वज्ञात आहे. पण नळ फुटतो तो बर्फ जमलेल्या जागीच असे नाही. बर्फाचे बूच आणि बंद व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि तडा दूरच्या एखाद्या सांध्यापाशी जातो. चाचणीनंतर पाणी सोडून दिले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. तुळयांमधून वळणे घेत गेलेल्या नळांच्या खोलगट भागांत थोडे पाणी राहतेच आणि रात्री पारा घसरला की तेवढेही पुरेसे ठरते.

मग हवा का नको? उत्तर साठलेल्या ऊर्जेत आहे. पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. १०० लिटर पाणी १४ बार दाबाखाली ठेवले तर त्यात जेमतेम ४५ जूल ऊर्जा साठते. दाबामुळे प्लास्टिकचा नळ किंचित फुगतो, त्याचे काही शे जूल त्यात मिळवावे लागतील, एवढेच. नळाला तडा गेला की थोडे पाणी बाहेर येते आणि दाब क्षणात कोसळतो. तेवढ्याच जागेत तेवढ्याच दाबाने हवा भरली तर साठणारी ऊर्जा सुमारे दोन लाख जूल भरते. तडा गेल्यावर ही हवा प्रसरण पावतच राहते, तडा पुढे ढकलत नेते आणि नळाचे तुकडे भिरकावते. शिवाय प्लास्टिक थंडीत अधिक ठिसूळ होते. उन्हाळ्यात हातोडीचा हलका फटका सोसणारा नळ कडाक्याच्या थंडीत त्याच फटक्याने तडकू शकतो.

गोंधळाचे मूळ पोलादी नळांच्या सवयीत आहे. थंडीमुळे पाणी भरणे अशक्य असेल तर हवेची तात्पुरती चाचणी घेण्याची मुभा ‘एनएफपीए १३’ मध्ये आहे. त्यात प्रति चौरस इंच ४० पौंड दाब २४ तास ठेवतात आणि दीड पौंडाहून अधिक घट मान्य होत नाही. पोलादी नळाचा सांधा सैल असेल तर बहुधा हवा फुसफुसत निघून जाते. तीच पद्धत प्लास्टिकला लावणे मात्र धोक्याचे आहे, कारण ४० पौंडांवरही १०० लिटर हवेत सुमारे ३० हजार जूल ऊर्जा असते. सीपीव्हीसी नळांचे उत्पादक दाबाखालील हवेच्या चाचणीविरुद्ध इशारा देतात. ‘इंटरनॅशनल प्लंबिंग कोड’ या आदर्श संहितेनेही पाणीपुरवठ्याच्या नळांसाठी हवेच्या चाचणीची मुभा देताना प्लास्टिक साधारणपणे वगळले आहे. कॉम्प्रेसरमधील काही तेलांचा अंशही सीपीव्हीसीला बाधतो. आणि तात्पुरत्या चाचणीने अंतिम जलदाब चाचणी टळत नाही, ही बाब घाईच्या कामांवर सोयीस्करपणे विसरली जाते.

थंडी सांध्यांनाही सोडत नाही. सीपीव्हीसीचे सांधे सॉल्व्हंट सिमेंटने जोडतात आणि त्यातील द्रावक उडून जाण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. उत्पादकांच्या तक्त्यांनुसार उबदार हवेत एक इंची सांधा साधारण दीड तासात चाचणीयोग्य होतो. ४ अंश सेल्सिअसखाली त्याला दोन दिवस लागतात. दीड इंची नळासाठी तीन तासांचे दहा दिवस होतात. इमारत हस्तांतराची तारीख तोंडावर आली असता हे दहा दिवस काढणे हीच ठेकेदाराची खरी कसोटी असते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे इमारत तात्पुरती गरम करणे. मजला ताडपत्रीने बंद करून तापमान ४ अंशांवर आणायचे, एकेका भागाची चाचणी घ्यायची आणि नळ पूर्ण रिकामे होईपर्यंत ऊब कायम राखायची. हीटरचा झोत थेट नळावर नको, कारण सीपीव्हीसी उष्णतेने मऊ पडते. ताज्या सॉल्व्हंट सिमेंटची वाफ ज्वालाग्राही असल्याने उघड्या ज्योतीचा हीटरही नको. दुसरा मार्ग ग्लिसरीन-पाण्याच्या तयार मिश्रणाचा. मोटारींत वापरले जाणारे ग्लायकॉल येथे चालत नाही, त्याने सीपीव्हीसीला तडे जाऊ शकतात. चाचणीनंतर ग्लिसरीनचे मिश्रणही काढून टाकावे लागते. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे स्वयंपाकाच्या आगीवर स्प्रिंकलरमधून गोठणरोधक मिश्रण फवारले गेले, भडका उडाला आणि एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर अशा मिश्रणांवरील निर्बंध कडक झाले.

भारतात भारतीय मानक ब्युरोने या नळांसाठी ‘आयएस १६०८८’ हे मानक २०१२ मध्ये आणले. देशाच्या बहुतांश भागात हा पेच उद्भवत नाही. श्रीनगर, गुलमर्ग, लेह येथे मात्र तो उद्भवू शकतो. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’चा कडाका असतो आणि त्या काळात घरांचे नळ गोठणे नित्याचे आहे. तेथे प्लास्टिक नळांची जलदाब चाचणी पानगळ संपण्याआधीच उरकणे हाच स्वस्त मार्ग. डिसेंबर उजाडल्यावर निर्णय एवढाच उरतो की मजला गरम करण्याचा खर्च करायचा की मार्चपर्यंत छत उघडे ठेवायचे.