लेखांक सातवा : भुईकोटाची वाट

गेल्या आठवड्यात आपण १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘डूम’ या खेळापाशी थांबलो होतो. त्यानंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, १० डिसेंबर २०१८ या दिवशी, डेव्हिड शिमान्स्की याने बव्हंशी एकहाती रचलेला ‘डस्क’ हा खेळ पूर्ण स्वरूपात बाहेर आला. जुन्या धाटणीच्या बंदूकबाजीच्या खेळांचे जे पुनरुज्जीवन स्वतंत्र, अल्पभांडवली कारागिरांनी घडवून आणले, त्यातील हा एक अग्रगण्य ग्रंथच म्हणावा लागेल.

या खेळाचा आरंभ एका तळघरात होतो. खेळाडूच्या दोन्ही हातांत विळे असतात आणि यांत्रिक करवती घेतलेले तीन धिप्पाड पुरुष त्याच्यावर चाल करून येतात. अलीकडच्या युद्धखेळांतला शिपाई भिंतीआड दबा धरून बसला, की क्षणार्धात त्याच्या जखमा आपोआप भरून येतात; येथे ती मुभा नाही. औषधाची पेटी नकाशात जिथे ठेवलेली असेल तिथवर जाऊनच ती मिळवावी लागते, आणि म्हणून जो थांबला तो मेला. शत्रूने फेकलेले बहुतेक गोळे डोळ्यांना दिसतील इतक्या बेताच्या वेगाने येतात. ते चुकवीत, आडव्या चालीने शत्रूभोवती फेर धरीत नेम साधणे हेच या खेळातले खरे कसब होय. ‘डूम’मध्ये तर एका राक्षसाचा गोळा दुसऱ्याला लागावा अशा जागी चतुर खेळाडू मुद्दाम उभा राहतो, आणि मग त्या दोघांतच जुंपते.

परंतु या खेळांचा प्राण, माझ्या मते, बंदुकीत नसून नकाशात आहे. कंधार, औसा किंवा उदगीर येथील भुईकोट ज्याने पायी हिंडून पाहिला आहे, त्याला हे चटकन उमगेल. खंदक, दुहेरी तट, मुख्य दरवाजाकडे नेणारी वळणाची वाट, तिच्यावर नजर ठेवणारे बुरूज, ही सारी योजना आगंतुकाला पावलोपावली अडवून त्याच्या गतीवर हुकूमत चालवण्यासाठी असते. ‘डूम’चा रचनाकारही नेमके हेच करतो : निळ्या किल्लीचा दरवाजा आधी दाखवावा, किल्ली दूरच्या दालनात ठेवावी, ती उचलताच मागची भिंत सरकून शत्रूंची टोळी मोकळी व्हावी. शिवाय एखाद्या भिंतीच्या दगडाची छटा इतरांहून किंचित निराळी असते. ती हेरून कळ दाबली, तर आतले गुप्त कोठार उघडते.

ही शिस्त तुटपुंज्या साधनांतून जन्मली. ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे चित्र, २५६ रंग, चार मेगाबाइट स्मृती, एवढ्यावर ‘डूम’ चाले. कोणती भिंत कोणत्या भिंतीपुढे येते, याचा निवाडा नकाशा दुभागत दुभागत खेळापूर्वीच करून तो दप्तरी ठेवण्याची युक्ती ‘डूम’चा आज्ञावलीकार जॉन कारमॅक याने संशोधकांच्या लेखांतून उचलली व कामी लावली. आजचे कारागीर तशीच मर्यादा आपखुशीने पत्करतात. २०१९ सालच्या ‘आयन फ्युरी’चा सांगाडा तर १९९६ च्या ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’च्याच यंत्रणेचा आहे. त्यामुळे यातील पुष्कळ खेळ वेगळ्या ग्राफिक्स कार्डाविना चालतात, आणि शिकवणीवर्गांसाठी लातूर-नांदेडच्या खोल्यांतून राहणाऱ्या, जुन्या लॅपटॉपवर भागवणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट लहान नाही.

त्याहून मोलाची बाब अशी, की ‘डूम’ची मूळ संहिता १९९७ साली सर्वांसाठी खुली झाली. जीझीडूम ही यंत्रणा, अल्टिमेट डूम बिल्डर हे नकाशा रचण्याचे साधन आणि ‘फ्रीडूम’ या मुक्त संचातील चित्रे व ध्वनी, यांपैकी कशालाही छदाम पडत नाही. नांदेडच्या श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील किंवा लातूरच्या एखाद्या तंत्रनिकेतनातील चार विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर कंधारचा कोट या साधनांनी उभा करणे अशक्य नाही, आणि ते काम त्यांनी करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढील लेखांकात पहिली भिंत कशी आखावी येथून प्रारंभ करू. तोवर वाचकांनी आपल्या जवळच्या भुईकोटाच्या प्रवेशमार्गाचा आराखडा, पावलांनी अंतरे मोजून, कागदावर काढून ठेवावा.