जारच्या पाण्याला परवाना कोणाचा?
सीलबंद पाण्याच्या बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावाच लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएसआय चिन्हाची सक्ती उठली. पण नोव्हेंबरात हे पाणी अतिजोखमीच्या अन्नगटात आले, म्हणजे परवान्याआधी तपासणी आणि पुढे वर्षातून एकदा.

खरी अडचण लग्नात, ऑफिसात येणाऱ्या थंड पाण्याच्या जारची. तो सीलबंद नसतो, म्हणून ‘पॅकबंद’ ठरत नाही. मग कारवाई अन्न व औषध प्रशासनाने करायची की नगरपालिकेने, याच वादात तो सुटतो. ही पळवाट तातडीने बुजवायला हवी, कारण जार नीट धुतला नसेल तर शुद्ध केलेले पाणीही त्यात दूषित होते. बाटलीवरचा परवाना क्रमांक मात्र प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो.